धुण्याच्या पाळ्यांचं शहाणं पटल

आमच्या इमारतीत कपडे धुण्याचा मंगळवार आमचा आहे. फुशारकी म्हणून सांगत नाही. आमच्या मोर्ज गावात तळ्याच्या बाजूला घर मिळणं कठीण आहे, आणि त्या घरासोबत धुण्याचा बरा वार मिळणं त्याहून कठीण. सोमवार वरच्या मजल्यावरच्या त्सूरब्रुग यांचा, मंगळवार आम्हा क्रोतांचा, बुधवार आमच्या समोरच्या मादाम गाविये यांचा, गुरुवार सांद्रिन जाकिये या नर्सबाईंचा, शुक्रवार तळमजल्यावरच्या आब्रांतेश जोडप्याचा आणि शनिवार मस्यू बोलोमे यांचा. रविवारी कोणीही धूत नाही. रविवारी आमच्याकडे रिकाम्या बाटल्यासुद्धा काच गोळा करायच्या पेटीत टाकत नाहीत, कारण त्यांचा आवाज होतो.

सहा कुटुंबं आणि एक मशीन. ते तळघरात आहे. त्याच्या एका बाजूला कपडे वाळवायची खोली आणि दुसऱ्या बाजूला अणुयुद्ध झालं तर लपायचा निवारा, ज्यात सध्या बोलोमे यांचे बटाटे आणि आमच्या स्की लपून बसल्या आहेत. मशीनच्या वर भिंतीला एक लाकडी फळी होती. तिच्यावर वार आणि नावं रंगवलेली होती. ती फळी मस्यू बोलोमे यांनी स्वतः रंगवली होती. भूमापन कार्यालयातून निवृत्त झाल्यावर मोजण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ते इमारतीकडे वळले. लिफ्टच्या दारावर रोज सकाळी त्यांची एक चिठ्ठी असते. 'सायकली भिंतीपासून एक हात लांब लावाव्यात.' 'वाळवायच्या खोलीत कोणाचा तरी डावा मोजा आहे. उजवा मिळेपर्यंत तो माझ्या ताब्यात राहील.' खाली पूर्ण सही.

फळी फुगून तडकली तेव्हा मी मध्ये पडलो. खरं तर पडायचं कारण नव्हतं.

मी पॉलिटेक्निकच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. तिथे आम्ही सजीवांच्या धर्तीवर चालणारी यंत्रं बनवतो. म्हणजे लहान लहान चौकोनी डब्या. प्रत्येक डबीत एक चिप आणि पुढे दिव्यांची जाळी. डब्यांना आम्ही पेशी म्हणतो. शरीरातल्या प्रत्येक पेशीत जसा सबंध शरीराचा आराखडा असतो, तसा या प्रत्येक डबीत सबंध यंत्राचा आराखडा असतो. आपण कुठे बसलो आहोत ते पेशी शेजारच्या पेशीला विचारते आणि आराखड्यातलं आपल्या वाटणीचं तेवढंच काम करते. वर बसून हुकूम देणारं कोणी नाही. एखादी पेशी मेली, की तिचा सबंध उभा स्तंभ बाजूला होतो, उजवीकडचे स्तंभ एकेक घर सरकतात आणि काम पुढे चालू राहतं.

लिलियानला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्या इमारतीसारखंच आहे की. इथेही प्रत्येकाच्या पोटात सगळी नियमावली भरलेली आहे, आणि जो तो फक्त शेजाऱ्याला लागू पडणारा भाग वापरतो."

आमचे प्रमुख दुतोआ यांना त्या सुमारास एक प्रयोग करायचा होता. प्रयोगशाळेत सगळंच चालतं; हे यंत्र साध्यासुध्या माणसांत टिकेल का, हे त्यांना पाहायचं होतं. साधीसुधी माणसं कुठे मिळतील, असं त्यांनी विचारलं आणि मी हात वर केला.

परवानगीसाठी मी घरमालकांच्या व्यवस्थापन कचेरीत फोन केला. तिथले मस्यू पाउ आमची इमारत पाहतात. त्यांनी विचारलं, ही वस्तू दिवा आहे का. मी नाही म्हटलं. फर्निचर? तेही नाही. देखभालीचा करार कुठल्या कंपनीशी आहे?

"देखभाल लागत नाही. ते स्वतःच स्वतःला दुरुस्त करतं."

"ठीक आहे. मग करारावर सही कोण करणार?"

तीन आठवडे आमचा हा संवाद चालला. अखेर त्यांनी पटलाला 'टपालपेट्या व तत्सम' या सदरात घातलं आणि लेखी परवानगी दिली: इतर भाडेकरूंची तक्रार नसेल तोपर्यंत.

मी सात स्तंभांचं पटल केलं. वर चौकटीवर वार रंगवले, खाली दिव्यांत नावं उजळली. मात्र नियमाप्रमाणे एखादा स्तंभ राखीव ठेवावा लागतो, मेलेल्याची जागा भरायला. डब्या महाग असतात आणि वाया घालवणं आमच्या रक्तात नाही. मी विचार केला, रविवारचा स्तंभ रिकामाच तर असतो. मी रविवार राखीव ठेवला. जगाच्या पाठीवर इतर कुठल्याही माणसाला हे सुचलं नसतं. आमच्याकडे मात्र रविवार इतका पक्का रिकामा असतो, की त्यात कधी काही शिरेल अशी शंकासुद्धा येत नाही.

उद्घाटनाला मी पाच मिनिटं बोललो. "हे पटल चुकत नाही," मी म्हणालो. "आणि चुकलंच, तर आपणहून सुधारतं." आब्रांतेश यांनी टाळ्या वाजवल्या. ते पहाटे तीनला बेकरीत कामाला जातात आणि संध्याकाळी त्यांना सगळंच छान वाटतं. बोलोमे यांनी मोजपट्टीने चौकट सरळ आहे का ते पाहिलं आणि ती सरळ असल्याचं पाहून थोडे खिन्न झाले.

मादाम गाविये शाळेत शिक्षिका होत्या. पाळी संपली की मशीन पुसून, गाळणीतला कचरा काढून, फरशी कोरडी करून मगच खोली पुढच्याच्या हवाली करायची, हा आमचा सगळ्यांचाच रिवाज. मादाम गाविये त्यात कमी पडणाऱ्या नव्हेत. त्यांनी बुधवारी संध्याकाळी मशीन पुसलं, नळ पुसला आणि मग पटलावरचा आपला बुधवारही पुसला. व्हिनेगरच्या फडक्याने, चांगला दाबून.

आता या डब्यांत एक सोय असते. प्रयोगशाळेत पाहुणे आले, की त्यांना पेशी मरताना दाखवावी लागते. म्हणून पेशीवर बोट दाबून धरलं, की ती मेली असं समजायचं. ही सोय मी बंद केली नव्हती. इतक्या आदराने कोणी पटलाला हात लावेल, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बुधवारचा स्तंभ विझला. पटलाने आपलं काम चोख केलं. मादाम गाविये गुरुवारी सरकल्या, जाकियेबाई शुक्रवारी, आब्रांतेश शनिवारी. आणि मस्यू बोलोमे, ज्यांनी आयुष्यात रविवारी खिळासुद्धा ठोकला नव्हता, ते रविवारी गेले.

मला यातलं काही कळलं नाही. आमचा मंगळवार जागच्या जागी होता, आणि ज्याचा वार जागेवर आहे तो माणूस दुसऱ्याच्या वाराकडे बघत नाही. बाकीचेही काही बोलले नाहीत. पटल चुकत नाही आणि चुकलं तर सुधारतं, असं मीच सांगितलं होतं. त्यामुळे नावं बदलल्यावर प्रत्येकाने अशी समजूत करून घेतली, की इतकी वर्षं आपणच चुकत होतो आणि आता सुधारणा झाली.

रविवारी सकाळी चर्चच्या घंटा थांबल्या आणि तळघरातून पाणी भरल्याचा आवाज आला. मी खाली गेलो. मस्यू बोलोमे टाय लावून मशीनसमोर खुर्चीवर बसले होते.

"मस्यू बोलोमे, आज रविवार आहे."

"मला ठाऊक आहे." त्यांनी मान वळवली नाही. "तुमचं पटल पाहा. मी नियम मोडतो आहे, पण नियमाप्रमाणे."

शेजारच्या इमारतीतून कोणीतरी पोलिसांना फोन केला. दोन शिपाई आले. त्यांतला तरुण शिपाई खाली उतरायच्या आधी लिफ्टच्या दाराशी थबकला. तिथे त्या दिवशीची चिठ्ठी होती: 'आज सकाळी मशीनचा आवाज आला. ही बाब अक्षम्य आहे. बोलोमे.' आणि खाली, त्याच अक्षरात: 'क्षमस्व. बोलोमे.'

शिपायाने ती दोनदा वाचली. "यात फिर्यादी कोण आणि आरोपी कोण?" त्याने मला विचारलं. मी सांगितलं, दोघेही तेच. पण गुन्हा माझा.

दुसऱ्या दिवशी मी दुतोआंना म्हटलं, मेलेली डबी बदलून टाकतो. ते जवळजवळ दुखावले. "बदललीस तर प्रयोग संपला. शरीरातली पेशी कोण बदलायला येतं? उलट हा निकाल उत्तम आहे." या उत्तम निकालापायी बोलोमे यांना शनिवारी सदरे धुवायला मिळाले नव्हते, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

पुढचे दोन आठवडे दुतोआ परिषदेला परदेशी होते, आणि नव्या डब्या त्यांच्या सहीशिवाय मिळेनात. तोवर बोलोमे रविवारी खाली उतरले नाहीत. त्या दिवशी मशीन बंदच राहिलं. मीही आमचा मंगळवार सोडून तळघरात जाणं टाळलं. दुतोआ आले, तसा मी नवा बेत केला. वारांची पट्टी नव्याने रंगवली. मेलेला स्तंभ बिननावाचा सोडला आणि बुधवारपासूनचे वार एकेक घर उजवीकडे लिहिले. सगळे आपापल्या वारी परत आले. रविवारने घोटाळा केला होता, म्हणून रविवार पट्टीवरून काढूनच टाकला. आणि पुन्हा कोणी काही पुसलं तर असावेत म्हणून उजव्या टोकाला दोन राखीव स्तंभ जोडले.

मादाम गाविये जिन्यात भेटल्या. "मस्यू क्रोता, तुम्ही रविवार काढून टाकलात?"

"फक्त पटलावरून, मादाम."

"वर विचारलंत?"

मला वाटलं, त्या व्यवस्थापन कचेरीबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, कळवणार आहे. त्यांनी छतापलीकडे बोट दाखवलं आणि निघून गेल्या.

सजीवाला मोकळी जागा मिळाली की तो काय करतो, हे मी नोकरी म्हणून बारा महिने पाहतो. तो वाढतो. रिकामे दोन स्तंभ मिळताच पटलाने स्वतःची दुसरी प्रत काढायला घेतली. शनिवारच्या पुढे पुन्हा 'त्सूरब्रुग' उजळलं, त्याच्या पुढे पुन्हा 'क्रोता', आणि जागा संपली. वर वार नव्हते. म्हणजे सोमवारवाल्यांना आणि मला, पटल बनवणाऱ्याला, दुसरी पाळी मिळाली होती. कॅलेंडरात नसलेल्या दिवशी का होईना.

"स्वतःसाठी आठवडा लांबवलात म्हणे," जाकियेबाई लिफ्टमध्ये म्हणाल्या. त्यांच्या कडेवर एक मूल आणि हातात दुसरं होतं. "आमच्या इस्पितळालाही एखादा दिवस जोडून द्या."

त्सूरब्रुग मूळचे बर्नचे, म्हणजे जर्मन बोलणारे. ते गंमत म्हणून काही वाचत नाहीत. रविवार सोडून, पटलावरच्या ओळीने मोजत गेल्यावर त्यांना असं आढळलं, की दुसरी पाळी धरता पुढचा आठवडा बुधवारी सुरू होतो आणि बुधवार आपला आहे. ते टोपली घेऊन खाली आले. खाली मादाम गाविये टोपली घेऊन उभ्या होत्या. दोघं मिळून वर आली आणि आमच्या दारात टोपल्या ठेवून उभी राहिली. टोपल्यांत सर्वांत वर कोणते कपडे असतात हे सांगत नाही. मी उत्तर देईपर्यंत नजर कुठे ठेवावी हेच कळेना.

मी राखीव स्तंभ काढले. तोवर पाउ यांचं रजिस्टर पत्र आलं होतं. पोलिसांची नोंद, शेजारच्या इमारतीचं पत्र आणि आमच्या इमारतीतून आलेल्या चार तक्रारी (तीन बोलोमे यांच्या) पाहता परवानगीची अट मोडली आहे. मंगळवारी संध्याकाळी येऊन ते प्रत्येक भाडेकरूला समक्ष विचारतील. तक्रार कायम राहिली, तर इमारतीत अनधिकृत बदल केल्याबद्दल सप्टेंबरअखेर आमचा भाडेकरार संपेल.

लिलियानने पत्र वाचलं आणि घडी करून ओट्यावर ठेवलं. तिची आई दोन गल्ल्या सोडून राहते. म्हाताऱ्या बाईंना आता फक्त कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. लिलियान रोज दुपारी सूपचं भांडं घेऊन चालत जाते आणि तिची पत्रं वाचून दाखवते. या भावात तळ्याच्या काठी दुसरं घर मिळणार नव्हतं. मिळालंच, तर डोंगरापलीकडे, तासाभराच्या अंतरावर.

"आईला काय सांगायचं?" ती म्हणाली. "की तुझ्या जावयाने, झिल्बेरने, पेशी लावल्या आणि आपण सरकलो?"

ती हसली नाही, आणि मीही हसलो नाही.

पुढच्या दिवसांत सल्ले आले. त्सूरब्रुग म्हणाले, उत्तर जर्मनमध्ये लिहा. इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या कचेऱ्यांना ते वाचायला इतका वेळ लागतो, की सप्टेंबर निघून जाईल. आब्रांतेश म्हणाले, आधी त्या माणसाला खायला घाला. मादाम गाविये म्हणाल्या, निळा कोट घाला आणि हातवारे करू नका. लिफ्टच्या दारावर मात्र त्या आठवड्यात बोलोमे यांची एकही चिठ्ठी नव्हती, आणि मला ते सर्वांत वाईट लक्षण वाटलं.

सभा तळघरातच भरली. प्रवेशदारी गर्दी करायला अग्निशमनाचे नियम आड येतात आणि दुसरी सामायिक जागा नाही. मी निळा कोट घालून खाली गेलो तर मशीन चालू होतं.

"आज कपडे लावलेस?" मी लिलियानला हळूच विचारलं.

"आज मंगळवार आहे. घर सोडायचं झालं, तर चादरी धुतलेल्या असाव्यात."

मस्यू पाउ यांनी फाइल उघडली. सभ्य माणूस होता. नाक पुसताना तोंड वळवत होता. त्यांनी तक्रारी वाचून दाखवल्या आणि पहिल्यांदा अर्थातच बोलोमे यांच्याकडे वळले. "आपण यांवर ठाम आहात ना?"

"प्रत्येक शब्दावर," बोलोमे म्हणाले.

मी भिंतीकडे पाहिलं.

"म्हणजे पटल काढावं, आणि मस्यू क्रोता यांच्या कराराबाबत..."

"मी करार हा शब्द कुठे लिहिला आहे?"

पाउ यांनी कागद चाळले. "लिहिलेला नाही. पण तक्रारीचा परिणाम म्हणून..."

"परिणाम तुम्ही काढलात. मस्यू पाउ, मी पंधरा वर्षं तक्रारी लिहितो आहे. इमारत नीट चालावी म्हणून लिहितो. कोणाला घराबाहेर काढायला मी कधी एक ओळ लिहिलेली नाही. तक्रार माझी आहे. तिचं काय करायचं ते मी ठरवणार." त्यांनी टाय सारखा केला. "शिवाय हे गेले तर नवे कोणी येतील. त्यांना सायकल कुठे लावायची इथपासून सगळं शिकवायचं कोणी? यांना निदान अर्धं येतं."

"पण रविवारच्या प्रकारात तुमचंच नुकसान झालं. नंतरही दोन आठवडे तुम्हाला धुता आलं नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे."

"मला आलं नाही. सदरे धुतले गेले." बोलोमे यांचे कान लाल झाले होते. "आब्रांतेश यांनी नेले. शनिवारी, त्यांच्या कपड्यांबरोबर. मी मागितले नव्हते."

"दारात उभे होते, टोपली घेऊन," मादाम आब्रांतेश म्हणाल्या. "काही बोलत नव्हते. मग मी घेतली. इस्त्रीही केली, पण कॉलरची त्यांनी स्वतः पुन्हा केली."

"माझ्याही पोरांचे धुतले गेले," जाकियेबाई म्हणाल्या. "माझी पाळी शुक्रवारवर गेली आणि शुक्रवारी मी इस्पितळात. घरी आले तर दाराला पिशवी, आत घड्या. वर चिठ्ठी: 'गुडघ्यांना ठिगळ लावलं आहे.'"

"मुलगा सरपटतो," मादाम गाविये म्हणाल्या. "त्याला चालायला शिकवा म्हणजे पँट टिकतील."

मला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. पटलाने घातलेला गोंधळ मी रंगाच्या पट्टीने निस्तरायला बसलो होतो, त्या आठवड्यांत तो या लोकांनी खालच्या खाली निस्तरून टाकला होता. सभा घेतली नव्हती, ठराव केला नव्हता, आणि मला त्रास नको म्हणून की काय, मला सांगितलंही नव्हतं.

त्सूरब्रुग यांची पाळी आली. ते म्हणाले, "दुसरी पाळी मिळाली नाही याबद्दल मला तक्रार नाही."

पाउ यांनी पेन खाली ठेवलं. "मग पोलिसांच्या नोंदीचं मी काय करू?"

"ती माझ्याविरुद्ध आहे," बोलोमे म्हणाले. "मी ती स्वीकारली आहे."

पाउ यांनी लिहिलं: करार संपवावा अशी भाडेकरूंची तक्रार नाही. पटल राहील, करार राहील. रविवार पूर्ववत लिहावा. लिलियान मशीनच्या मागे वळून साबणाचे डबे लावू लागली. डबे लावलेलेच होते.

मग मादाम गाविये यांनी पिशवीतून पांढऱ्या वाइनची बाटली काढली, आब्रांतेश यांनी बेकरीतल्या चीजच्या काड्या आणल्या, आणि टेबल नव्हतं म्हणून पेले मशीनवर ठेवले. पाउ 'मी कामावर आहे' असं म्हणून थांबले आणि त्यांनी दोन काड्या घेतल्या. मी निळ्या कोटाची बटणं लावली. या सगळ्यांना एकदा नीट सांगायला हवं होतं. पाठ केलेलं एकच वाक्य होतं आणि ते निकाल विरुद्ध लागला तर म्हणायचं होतं, म्हणून मी नवीन जुळवलं आणि सुरुवात केली.

नेमकं तेव्हाच मशीन कपडे पिळायला लागलं. सबंध खोली थरथरली. पेले मशीनवरून चालत कडेला निघाले. ज्याच्या पुढ्यात जो पेला आला तो त्याने धरला. बोलोमे यांच्या हातात नर्सबाईंचा, त्सूरब्रुग यांच्या हातात पाउ यांचा, मादाम गाविये यांच्या दोन्ही हातांत दोन, एक आब्रांतेश यांचा आणि एक लिलियानचा. माझाही कोणीतरी धरला होता. मी मात्र बोलत होतो. घराबद्दल बोललो, लिलियानच्या आईबद्दल बोललो, सदऱ्यांबद्दल आणि ठिगळांबद्दल बोललो. मला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे बरंच बोललो. आयुष्यात इतकं कोणापुढे बोललो नव्हतो.

मशीन थांबलं. सगळे पेले धरून उभे होते.

"मी आभार मानत होतो," मी म्हणालो. "आवाजात ऐकू आलं नसेल. पुन्हा सांगतो."

"सगळं ऐकू आलं," मादाम गाविये म्हणाल्या आणि त्यांनी लिलियानचा पेला लिलियानला दिला. "मशीन थांबलं की तुम्हीही थांबाल, म्हणून तर आम्ही वाट पाहत होतो. आता पुन्हा नको. चादरी बाहेर काढा, चुरगळतील."